गॅस कमी झाला असन

आमच्या मंगरूळपीरकडे कोणतीही वस्तू बिघडली की तिचा गॅस कमी झालेला असतो. फ्रिज गार करत नाही, गॅस कमी झाला. शेगडी भगभग करते, गॅस कमी झाला. टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या तेव्हाही आमच्या शेजारच्या मास्तरांनी मान तिरकी करून तेच सांगितलं होतं. मास्तर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले आणि गल्लीत कायमचे रुजू झालेले गृहस्थ. त्यांना माहीत नाही असा विषय अजून निघायचा आहे.

त्यामुळे ऐन मे महिन्यात आमच्या गाडीचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचेना, तेव्हा निदानाला वेळ लागला नाही. मास्तर आले, आत एसीच्या पुढच्या जाळीशी हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "इथं गार हाय, मांगं गरम हाय. म्हंजे जोर नाई. गॅस कमी झाला असन."

माझा नवरा लगेच म्हणाला, "मी काय म्हनत होतो?" तो काहीच म्हणत नव्हता. पण कोणाचंही म्हणणं झाल्यावर हे असं बोलायची त्याची सवय आहे, लग्नापासूनची.

आम्ही भाजीपालावाले. गावाबाहेर विहिरीवरचं बागायत आहे. भेंडी, वांगी, मेथी, आणि सांबार, म्हणजे पुण्याचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ती. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. माणसांसाठी घेतली म्हणाले, पण तिच्यात माणसांपेक्षा भेंडीची पोतीच जास्त फिरली. तरी गाडी ती गाडी. ह्यांनी तिची अशी काही तारीफ चालवली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढी गाडी सांभाळायला दारात एखादा शिपाईच पाहिजे.

आता कळीची गोष्ट सांगते. आमची एकुलती एक पोरगी अकोल्याला दिली आहे. तिला आठवा महिना लागला होता, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. मी बाज आवळून ठेवली होती, डिंक आणला होता, जुनी मऊ लुगडी फाडून, धुऊन, दुपटी घडी करून ठेवली होती. मला माझी पोरगी घरी पाहिजे होती. बस. दुसरं काही नको होतं.

पण मागच्या उन्हाळ्यात ती ह्याच गाडीतून एका लग्नाला आली होती, आणि बार्शीटाकळीच्या पुढं आल्यावर तिला घेरी आली. पार डोळे पांढरे केले पोरीनं. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. तेव्हा पोटात बाळ नव्हतं म्हणून निभावलं. तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या ईनबाईनं, ही गोष्ट मनात धरून ठेवली. फोनवर स्पष्ट म्हणाल्या, "आमी नाई म्हनत नाई. तुमची पोरगी, तुमचा हक्क. पन गाडीत बरोबर एसी असन तरच पाठवू. नाई त बाळंतपन इथंच होईन."

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मनातल्या मनात वाटलं, बाई चुकीचं बोलत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि दोन शब्द जास्त सुनावले असते.

ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ईनबाई, तुमी बेफिकीर राहा. आमची गाडी म्हंजे चालतं-फिरतं काश्मीर हाय!"

झालं. बोलून बसले. आता गाडीचं काश्मीर करणं आलं.

तसं गाडीत बसल्यावर गारवा व्हावा म्हणून करायचं ते सगळं आम्ही करतच होतो. आमच्या भागात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि कूलरचा पहिला नियम लहान पोरालाही पाठ असतो: समोरची खिडकी उघडी पाहिजे. हवा आली तशी गेली पाहिजे. दार बंद करून कूलर लावला की घर चिकचिक होतं, कपाळाला घाम, गादीला ओल. मी लहान असताना खिडकी लावली म्हणून पाठीत धपाटे खाल्लेले आहेत. तेच शास्त्र आम्ही गाडीला लावलेलं. ह्यांनी चावी फिरवली की आधी एसी, मग चारी काचा चार चार बोटं खाली. न चुकता. कोणी काच वर केली तर म्हणायचे, "हवा खेळती ठेवा बाप्पा, गुदमरान!"

मी म्हटलं, "गाडी वाशीमले नेऊन दाखवा एखाद्या एसीवाल्याले."

ह्यांना ते पटेना. एसीवाला काय करतो, गॅसच भरतो ना? मास्तरांच्या मुलानं मोबाइलवर दाखवलं की छोटा डबा मिळतो, त्याला नळी, नळीला काटा, घरच्या घरी पाच मिनिटांत गॅस भरून होतो. व्हिडिओतला माणूस गोरा, टी-शर्ट पांढरा, आणि भरताना गाणं म्हणत होता. त्या गाण्यानंच ह्यांचं डोकं फिरलं असावं. डबा मागवला.

डबा आला त्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा भरली. आमच्याकडे बाई आजारी पडली तर कोणी फिरकत नाही, पण गाडीचं बोनेट उघडलं की अर्धी गल्ली हात पाठीमागे बांधून उभी राहते. आत पाहतात, हुंकार देतात, एखादा वायरला बोट लावून पाहतो. कोणाला काही कळत नसतं, पण निघूनही कोणी जात नाही.

मी डबा हातात घेतला आणि आधी त्यावरचं वाचायला बसले. ह्याची मला सवय आहे. डब्यावरचं न वाचता फवारणी करणाऱ्या माणसांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलेलं मी पाहिलं आहे. डबा कीटकनाशकाचा असो की गारव्याचा, ज्याच्यावर लाल चौकट असते त्याला मी हात जोडून बोलते. सोबत एक पत्रक होतं, चित्रांचं, खाली इंग्रजी-हिंदी मजकूर. डोळ्याला चष्मा, हाताला मोजे. जवळ जाळ नको. मोकळ्या हवेत काम करा. डबा तापवू नका. गाडीच्या बोनेटखालच्या स्टिकरवर जो गॅस लिहिला असेल तोच भरा, दुसरा नाही. आणि फक्त जाड नळीच्या, कमी दाबाच्या तोंडालाच लावा.

स्टिकर मी शोधला. तेलकट झाला होता, पदरानं पुसला. नंबर जुळला. मग घरात गेले आणि फवारणीचा चष्मा आणि भेंडी तोडायचे मोजे घेऊन आले. भेंडीची खाज माहीत असणारा माणूस मोज्याशिवाय भेंडीला हात लावत नाही.

"अवं," नवरा सगळ्यांसमोर हसला, "एसी भरा लागते का फवारनी करा लागते?"

"घाला म्हटलं ना! नाई त डबा विहिरीत फेकून देतो मी."

आमच्या वऱ्हाडात बाया चिडल्या की 'करतो, जातो' अशा बोलतात. तो आवाज ओळखून त्यानं मोजे चढवले. चष्म्यात तो बेडकासारखा दिसत होता, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

पत्रक मास्तरांच्या हातात गेलं होतं. मास्तरांनी ते इंग्रजीत वाचलं आणि वऱ्हाडीत समजावलं. मधल्या वाटेत काय झालं ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, मोठा दाब तिकडं लावा, लवकर भरन. नवरा बारीक नळीच्या टोपणाशी झटायला लागला. नळीचं तोंड तिथं बसेना. बसणारच नव्हतं, चुकून कोणी लावू नये म्हणून बनवणाऱ्यानं मापच वेगळं ठेवलेलं. पण आपल्याकडं वस्तू बसत नाही म्हणजे तिला ठोकायचं असतं. कोणीतरी हातोडी आणायला निघालं.

मी ओरडले, "जाड नळी! चित्र पाहा ना चित्र! मास्तर, तुमी पोट्ट्यायले चित्रवाचन शिकवत होते ना?"

मास्तर रागावले नाहीत. त्यांना टोमणा समजायला वेळ लागतो.

शेवटी नळी योग्य जागी बसली. इंजिन चालू, एसी चालू, काटा हलला आणि हिरव्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला. पत्रकावर लिहिलं होतं की काटा हिरव्यात असला म्हणजे गॅस पुरेसा आहे, थांबा. मी ते बोट ठेवून दाखवलं.

मास्तर म्हणाले, "वहिनी, हिरवं म्हंजे सिग्नल. हिरवं म्हंजे जा."

सगळ्यांना पटलं. लाल दिव्यालाही न थांबणारी माणसं ही, त्यांना हिरव्यावर थांबा म्हणून कोण सांगणार? ह्यांनी डब्याची कळ फिरवली. पण गॅस काही उतरेना. जागाच नव्हती बिचाऱ्याला जायला. डबा हातात गारठत गेला, बाहेरून त्याला दव सुटलं.

"डब्बा थंडा पडून राह्यला," मास्तर म्हणाले, "म्हनून अडकला. गरम पानी आना."

हे गरम पाणी आमच्याकडचं जुनं औषध आहे. स्वयंपाकाचं सिलिंडर संपत आलं की त्याला गरम पाण्याच्या घमेल्यात उभं करायचं, हलवायचं, आडवं करायचं, म्हणजे दोन भाकरींपुरता गॅस निघतो. असं करू नका म्हणून सिलिंडर आणणारा माणूस दरवेळी सांगतो, आणि दरवेळी आम्ही मान डोलावतो आणि दरवेळी तेच करतो. तेव्हा कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मी पत्रक घेऊन दाराकडे वळले तेवढ्यात मास्तरांची बायको बंबातलं वाफाळतं पाणी बादलीत घेऊन हजर, आणि माझा नवरा तो डबा बादलीत बुडवायच्या बेतात.

मी बादलीला लाथ मारली. विचार केला नाही, मारली. पाणी अंगणभर पसरलं आणि मास्तर असे उडाले की त्यांच्या चपला जागेवर राहिल्या आणि ते ओट्यावर.

"भैताड हा का तुमी सगळे?" मी म्हटलं. "दाबाचा डबा हाय तो! फुटला त पोरीच्या बाळाच्या बारशाआंधी तुमची तेरवी करा लागन मले! मंग कोन आनन पोरीले? मास्तर?"

नवरा म्हणाला, "कंपनीवाले भेव दाखवासाठी लिवतात वं ते." पण आवाजात दम नव्हता.

माझं वाक्य संपेपर्यंत डबा इंजिनाच्या धगीनं आपोआप थोडा ऊबदार झाला असावा, कारण काटा हलला आणि हिरव्यातून निघून पिवळ्यात, पिवळ्यातून लाल पट्ट्यात गेला. माणसं खूश. लाल म्हणजे टाकी फुल्ल. मग गाडीत कुठंतरी टक् असा आवाज झाला आणि पुढच्या जाळीतून जी काय गार हवा येत होती तीही बंद पडली. आता तिथून बंबाच्या वाफेसारखी गरम हवा येत होती.

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ह्यांनी घाईघाईनं नळी उपटली. फिस्स करून पांढरा फवारा निघाला आणि थेट हातावर बसला. भेंडीचा मोजा पांढराफटक पडला, कडक झाला. ह्यांनी तो काढून पाहिला, खालची बोटं हलवून पाहिली. शाबूत होती. मग मोजा त्यांनी माझ्या हातात दिला. जत्रा पांगली. मास्तर अनवाणी गेले, चपला ओल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाशीम. तिथला एसीवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसलेला, कोणाकडे न पाहता बोलणारा, आणि गिऱ्हाईक आलं म्हणजे आपल्या दुपारच्या झोपेवर अन्याय झाला असं तोंड करणारा. त्यानं कपाटाएवढ्या मशीनच्या दोन नळ्या लावल्या. काटे पाहिले.

"कोनं भरला हा गॅस?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर टायरचं कॅलेंडर होतं.

"उतू जाऊन राह्यला," तो म्हणाला. "गॅस काई पेट्रोलवानी जळत नाई. कमी झाला म्हंजे कुठंतरी लीक असते, थे आंधी पाहा लागते. तुमचं लीकबी नाई. कायले भरला?"

मग त्यानं सगळा गॅस मशीनमध्ये ओढून घेतला. हवेत सोडत नाहीत म्हणे तो. नळ्या कोरड्या केल्या आणि स्टिकरवर लिहिलं होतं तेवढाच मोजून परत भरला. पुढच्या जाळीत एक काडीसारखं थर्मामीटर खोचलं, पाहिलं, मान हलवली.

"झालं. पहिल्यावानी झाली गाडी."

"पहिल्यावानी म्हंजे खराबच ना!" माझा नवरा कळवळून म्हणाला.

"पहिले चांगलीच होती," असं म्हणून तो पिंक टाकायला बाहेर गेला.

येताना ह्यांनी एसी लावला, काचा चार बोटं खाली घेतल्या, आणि मागच्या सीटवर मला परत तसंच भट्टीत बसल्यासारखं झालं. मास्तरांनी रात्री निकाल दिला की एसीवाला चोर आहे, त्यानं आपला चांगला गॅस काढून घेतला आणि त्याचा हलका भरला. नवऱ्याला तेही पटलं. त्याला कोणाचंही पटतं, फक्त माझं पटायला वर्ष लागतं.

मी म्हटलं, भाड्यानं गाडी करा. तर म्हणे घरची गाडी दारात असताना भाड्याची नेऊ? ईवाई, म्हणजे व्याही, काय म्हणतील? मी म्हटलं, मग ईनबाईला खरं सांगते. तर तोंड एवढंसं झालं. "एवढं एक नोको करू," म्हणाला. मी फोन हातात घेतला होता, आणि खाली ठेवला. त्याच्या इज्जतीसाठी नाही. मी खरं सांगितलं असतं तर पोरगी आली नसती. दुपट्यांची ती घडी मला समोर दिसत होती. मी गप्प बसले, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

बरं, पहाटे आणावं म्हटलं तर ईनबाईनं ओटी भरायचा मुहूर्त काढलेला भर बाराचा, आणि त्यावर जेवण. पंचांग काढणाऱ्याला उन्हात फिरावं लागत नाही, म्हणून त्याला असे मुहूर्त सुचतात.

आम्ही निघालो ते वरातीसारखे. टपावर ओली पोती, डिकीत बर्फाचा डबा, पाण्यात बुडवलेले टॉवेल, पाणी भरलेला कोरा फवारा, आणि ह्यांच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कच्चा कांदा. चालतं-फिरतं काश्मीर कांद्याचा वास मारत अकोल्यात शिरलं.

ईनबाई तयारीनं बसलेल्या. ओटी भरून, जेवणं होऊन झाल्यावर पोरीला पाठवायच्या आधी त्या स्वतः गाडीत पुढं बसल्या, पदर सावरला आणि जाळीशी हात धरला. मागं बसल्या असत्या तर संपलं होतं.

"गार हाय," त्या म्हणाल्या. मग खाली उतरताना माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "काचा थोड्या उघड्या ठेवजा बरं, पोरगी गुदमरीन."

"ते काय सांगनं झालं ईनबाई!" हे छाती काढून म्हणाले.

निघालो. मी आणि पोरगी मागं. बार्शीटाकळी येईपर्यंत ती बोलत होती, हसत होती, बाबाच्या कांद्याची टिंगल करत होती. मग हळूहळू गप्प झाली. चार बोटांच्या फटीतून झळा अशा येत होत्या की चुलीसमोर तोंड धरावं. टपावरची पोती वाळून कडकडत होती. मी टॉवेल तिच्या मानेला लावला, तो मिनिटात कोमट. फवारा मारला, ते पाणी अंगावर पडेपर्यंत गरम. तिचा चेहरा लाल झाला, मग लाल उतरून पिवळा झाला.

"माय, मले कसंतरीच होऊन राह्यलं," ती म्हणाली. हात पोटावर घट्ट धरलेला.

"गाडी हाना," मी ओरडले. ह्यांनी वेग वाढवला. वेग वाढला तशा झळाही वाढल्या. मी मनात देवापासून ईनबाईपर्यंत सगळ्यांची माफी मागत होते. म्हणत होते, ठेवून घ्यायची होती बाई पोरीला, काहून पाठवली? आणि मी काहून नाही बोलले?

पुढं रस्त्याचं काम चाललेलं. मुरुमानं भरलेला एक टिप्पर समोरून आला आणि अख्खा रस्ता धुळीनं भरून गेला. लाल माती फटीतून भसाभस आत. पोरगी खोकायला लागली, खोकताना पोट धरून वाकली. माझं डोकं फिरलं. मी माझी काच वर केली, तिच्या अंगावरून हात घालून तिची वर केली, आणि पुढच्या दोन्ही ह्यांच्याकडून करवून घेतल्या.

"अवं, गुदमरान तिले!"

"माती खाऊन मरन्यापेक्षा गुदमरलेली बरी! लावा म्हनतो ना!"

धूळ लांबलचक होती. टिप्परमागं टिप्पर. आम्ही काचा बंद करून सरकत होतो. मी पोरीच्या तोंडाकडे पाहत होते, दुसरीकडे कुठं पाहायची हिंमत नव्हती. मग माझ्या पायाला काहीतरी लागलं. मला वाटलं, बर्फाचा डबा गळतोय. पण पाणी नव्हतं. गार हवा होती. ती सीटच्या मधून आली, गुडघ्यापर्यंत आली, मग पोरीच्या कपाळावरचे केस थोडेसे हलले. तिनं डोळे उघडले, मान मागं टेकवली आणि एक लांब श्वास घेतला.

"माय," ती म्हणाली, "बरं वाटून राह्यलं."

धूळ संपली. ह्यांचा हात सवयीनं काचेच्या बटणाकडे गेला.

"खबरदार," मी म्हटलं. "हात लावला त थो हात मोडून देतो."

हात तिथंच थांबला. पुढच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. ते बंद काचांकडे पाहत होते, एकीनंतर दुसरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कळसा काखेत धरून आम्ही वाशीमपर्यंत जाऊन आलो होतो. दोन वर्षं तेल जाळून आम्ही फटीतून अख्खा जिल्हा गार करत होतो, आणि जिल्ह्यानं एकदाही आभार मानले नव्हते. मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना. पोरगी म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, "तुह्या बापाचं काश्मीर सापडलं."

शेलूबाजार मागं पडल्यावर ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मागं न पाहता, अगदी हळू म्हणाले, "म्हंजे मांगच्या सालीबी एसी बरोबरच चालू होता."

मला त्या वेळी त्यांना खूप काही सुनावता आलं असतं. जीभ शिवशिवत होती. पण पोरगी माझ्या खांद्यावर झोपली होती, तिला जाग आली असती. आणि काचा खाली घेऊन बसणाऱ्यांत मीही होतेच की.

घरी पोचलो तर गल्ली स्वागताला हजर. पोरगी गाढ झोपलेली, पांघरायला माझा पदर ओढून घेतलेला. ऐन मे महिन्यात माझ्या लेकीला थंडी वाजत होती! मी हातानंच खूण केली, उठवू नका. ह्यांनी गाडी अंगणात कडुलिंबाच्या सावलीत मोकळ्या हवेत लावली, इंजिन चालूच ठेवलं, आणि जागेवरून हलले नाहीत.

मास्तर पुढं आले. काचेतून पोरीचा चेहरा पाहिला, गार हवेनं हलणारा तिच्या कपाळावरचा केस पाहिला आणि गल्लीकडे वळून दोन्ही हात पसरले. कळलं मला, गॅसचं श्रेय घेऊन झालं होतं. मग त्यांनी परत काचेशी वाकून बोटानं टकटक केलं आणि चार बोटं दाखवून खाली घ्यायची खूण केली. तोंड भराभर हलत होतं. त्यांच्यामागं आणखी चार तोंडं हलत होती. सगळे काळजीनं सांगत होते, हे मी शपथेवर सांगते. आत काहीही ऐकू येत नव्हतं.

ह्यांनी मास्तरांना काचेतून नमस्कार केला. बटणावर बोट ठेवलं, आणि काच नीट बसली आहे का, हे पाहायला ते वरच्या बाजूला दाबलं. मग मागं वळून पोरीकडे पाहिलं, आणि तिला जाग येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.